बिनफ्यूजची तार

भागवत सरांची पांढरी गाडी दुकानासमोरून निघाली तेव्हा तिच्या बंद काचांमधूनही बेसचा ठोका रस्त्यावर येत होता. शेजारच्या टायरवाल्यानं मान वर करून बघितलं. संघपाल चिंधीला हात पुसत पायरीवर उभा राहिला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. सकाळी दहापासूनचं काम होतं. कंबर भरून आली होती, पण मन खूश होतं.

अंबडमध्ये गाडीत गाणी बसवायची तर संघपालकडूनच, असं लोक म्हणत. संभाजीनगरात एका उस्तादाच्या हाताखाली त्यानं सात वर्षं काढली होती आणि जालना रोडवर दुकान टाकल्याला आता नववं वर्ष लागलं होतं. भागवत सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. महिन्यापूर्वी त्यांनी जुनी गाडी घेतली होती आणि गाण्यांचा त्यांना भारी नाद. चारी दारांत स्पीकर, डिक्कीत बारा इंची दोन सबवुफर आणि त्या सगळ्यांना ताकद देणारा ॲम्प्लिफायर, असा एकूण बेत होता.

असल्या ॲम्पचं बारक्या तारेवर भागत नाही. त्याला थेट बॅटरीतून करंट लागतो. म्हणून करंगळीएवढी जाड लाल तार बॅटरीपासून काढायची, इंजिनामागच्या पत्र्याला भोक पाडून आत घ्यायची आणि डाव्या बाजूच्या गालिच्याखालून डिक्कीपर्यंत न्यायची. या तारेला दोन राखणदार असतात. एक म्हणजे बॅटरीपासून वीतभर अंतरावरचा फ्यूज. तार कुठं पत्र्याला टेकलीच, तर तो स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. दुसरी, पत्र्याच्या भोकात बसवलेली रबराची कडी. ती असली की पत्र्याची धार तारेला कापत नाही. उस्तादानं ही गोष्ट संघपालच्या डोक्यात इतकी ठोकून बसवली होती की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितली असती.

दुपारी टेस्टिंगच्या वेळी त्याच्या हातातला पाना चुकून पत्र्याला टेकला, ठिणगी उडाली आणि फ्यूज गेला. दुकानात दुसरा नव्हता. तेवढ्यापुरता म्हणून संघपालनं फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा पीळ अडकवला, ॲम्प चालू होतो का ते बघून घेतलं, बॅटरी सोडवली आणि पलीकडच्या गल्लीतून नवा फ्यूज आणला. तो शर्टाच्या खिशात टाकून परत येतो तर रिक्षातून सरांच्या घरची माणसं उतरत होती. सरांची आई नंदाबाई, गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेले, बायको आकांक्षा, आणि चार वर्षांची अक्षता. गेवराईला सरांच्या बहिणीकडं बारसं होतं. उजेडात पोचायचं होतं.

मग एकच घाई झाली. नंदाबाईंना पुढच्या डाव्या सीटवर बसवायला चौघं लागले. ते दार आतून उघडत नव्हतं, स्पीकर बसवताना संघपालला ते दिसलं होतं आणि सर म्हणाले होते, "ते जुनंच हाय, राहू द्या." बॅटरी पुन्हा जोडून झाली, गाणं लागलं, आवाज फाटायला लागला म्हणून संघपाल डिक्कीत वाकून ॲम्पचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर, कमी करत बसला. अक्षता टाळ्या वाजवत होती. सरांनी स्वतःच बोनेट आपटून लावलं. आणि गाडी गेली.

साडेचार वाजता संघपालनं फोन काढायला शर्टाच्या खिशात हात घातला. बोटांना फ्यूज लागला.

मग त्यानं सरांना फोन लावला. पलीकडं गाणं इतकं मोठं होतं की सरांना आधी काही ऐकूच येईना.

"बोला भाऊ," आवाज कमी करत सर म्हणाले.

"सर, कुठवर पोचलात?"

"आत्ता तर अंबड सोडलं. का बरं?"

सांगायचं काय होतं, ते अगदी सोपं होतं. गाडी थांबवा, बोनेट उघडा, मी येऊन राह्यलो. पण ते शब्द ओठावर आले आणि तिथंच थबकले. नऊ वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं. सर उद्या शाळेत सांगतील, शाळेतून गावात होईल. आणि तसं बघितलं तर फ्यूज नसला म्हणून लगेच काय होतंय? तार पत्र्याला टेकली तरच ना. आणि टेकेल कशी, रबर आहे की.

"काही न्हाई," तो म्हणाला, "एक बारकं काम राह्यलंय. फ्यूज बदलायचाय जरा. परवा आलात की पाच मिनिटांत करून टाकू."

"बराबर. परवा येतो. बेस मात्र एक नंबर झालाय, भाऊ."

फोन बंद झाला. संघपालनं सुटकेचा श्वास सोडला, पण तो पुरता सुटला नाही. मन रमवायला म्हणून त्यानं झाडू घेतला. तारांचे तुकडे, टेपची गुंडाळी, ड्रिलमधून पडलेला पत्र्याचा कीस, सगळं गोळा करत तो दारापर्यंत आला. त्या किसात एक काळी गोल वस्तू लोळत होती.

त्यानं ती उचलली. रबराची कडी होती.

दुसऱ्या कुठल्या गाडीची असेल, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. पण आज दुसरी गाडी आलीच नव्हती. सकाळी भोक पाडल्यावर कडी बसवायला घेतली तेव्हा ती घट्ट होत होती, म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली होती. चाकूनं जरा कोरून मग बसवू म्हणून. तेवढ्यात सरांचा चहा आला होता. त्यापुढचं त्याला आठवत होतं, फक्त कडी बसवल्याचं आठवत नव्हतं. म्हणजे नुकत्याच कापलेल्या पत्र्याची धार त्या तारेला घासत होती. गाडी जेवढी हादरणार तेवढी जास्त. आणि बॅटरीच्या बाजूला आता वितळून मरायला कुणी नव्हतं.

त्यानं फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, कुणी उचलला नाही. परत लावला. परत तेच. त्या गाण्यात रिंग ऐकू जाणार कशी? आणि गाणं असं मोठं वाजावं म्हणून त्यानंच तर दिवसभर घाम गाळला होता. तिसऱ्या वेळी बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला, संपर्क होऊ शकत नाही. आकांक्षाचा नंबर त्याच्याकडं नव्हता.

त्यानं दहा नंबरचा पाना आणि ती रबराची कडी खिशात घातली, टायरवाल्याला "दुकानाकडं बघा" म्हणून सांगितलं आणि मोटरसायकलला किक मारली.

चैत्रातलं ऊन अजून उतरलं नव्हतं. वडीगोद्रीपर्यंतचा रस्ता त्याच्या पायाखालचा होता, पण आज तो संपता संपेना. हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास घुमत होता. दर दोन-तीन किलोमीटरला तो कडेला थांबायचा, नंबर लावायचा, नाही लागला की परत निघायचा. मग थांबण्यात वेळ जातो म्हणून त्यानं तेही सोडलं.

उस्तादानं एकदा त्याला मुद्दाम एक गाडी दाखवायला नेलं होतं. पोलीस ठाण्याच्या मागं उभी होती. सीटांच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या, काचा वितळून दाराच्या कडेला गोठल्या होत्या. उस्तादानं फक्त काळ्या पडलेल्या पत्र्यातलं एक भोक बोटानं दाखवलं होतं आणि त्यातून लोंबणारा तांब्याचा उघडा दोर. गाडीत कोण होतं, हे संघपालनं तेव्हा विचारलं नाही. आता त्याला वाटत होतं, विचारलं नाही तेच बरं केलं.

तार जिथून आत शिरत होती तिथं नंदाबाईंचे पाय होते. दोन्ही गुडघ्यांना टाके पडलेले. दार आतून उघडत नव्हतं. अक्षता त्यांच्या मागं. जेवढा तो याचा विचार टाळत होता, तेवढं ते एकेक करून पुढं येत होतं.

वडीगोद्रीला तो हायवेला लागला आणि लांबवर त्याला धूर दिसला. काळा, जाड, रस्त्याच्या डाव्या हाताला. त्याचे हात हँडलवर ताठ झाले. जवळ गेल्यावर दिसलं, शेतात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. दोन माणसं कडेला बसून निवांत बघत होती. संघपाल रडायच्या बेताला आला होता, तरी त्यानं वेग कमी केला नाही.

पुढं एका पांढऱ्या गाडीभोवती लोक जमलेले. तिथं त्यानं वेग कमी करून नंबर बघितला. ती गाडी दुसरीच होती, पंक्चर काढून राह्यले होते.

आपण फोनवर खरं बोललो असतो तर? हा प्रश्न त्याला वाटेत दहा वेळा पडला. त्या वेळी गाडी अंबडच्या वेशीवर होती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. सर चिडले असते, दोन शब्द बोलले असते, आणि आता सगळे कुठंतरी झाडाखाली सावलीत उभे असते.

शहागड आलं. ट्रकांची रांग, हॉटेलं, टरबुजांचे ढीग. नदीवरचा पूल ओलांडून गाडी पुढं गेली असेल तर आपल्याला ती गाठता येणार नाही, हे त्याला कळत होतं. तो डावी-उजवीकडं बघत हळू चालला होता आणि एका रसवंतीसमोर, लिंबाच्या सावलीत, ती दिसली.

गाडी धड होती. इंजिन चालू, काचा बंद, आत थंड हवा. रसवंतीच्या बाकड्यावर सर आणि आकांक्षा पाठमोरे बसले होते. चरकाच्या घुंगरांचा आवाज चालला होता. पोचलो, असं त्याला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की गाडीतून गाण्याचा आवाज येत नाहीये.

तो गाडीजवळ गेला आणि त्याला वास आला. जळक्या रबराचा, गोडसर, नाकाला झोंबणारा. तो वास त्याच्या धंद्यात एकदा ज्यानं घेतला तो विसरत नाही. काचेतून नंदाबाई दिसल्या. पदर नाकाला लावलेला, दुसरा हात दाराच्या कडीवर. ती कडी त्या ओढत होत्या. त्यांच्या पायाशी धुराची एक बारीक रेघ वर येत होती. मागच्या सीटवर अक्षता झोपली होती.

संघपालनं बाहेरून दार उघडलं. आतली हवा अंगावर आली.

"माय, उतरा. जल्दी."

"कोण तुमी?" नंदाबाई घाबरून मागं सरकल्या. हेल्मेट घातलेला अनोळखी माणूस, तो हाताला धरून ओढतोय. "भागवत! आरं भागवत!"

सांगत बसायला वेळ नव्हता. त्यानं त्यांच्या काखेत हात घातले आणि उचललं. त्या कळवळल्या. दोघंही धुळीत बसले. तेवढ्यात सर धावत आले आणि त्यांनी संघपालची कॉलर धरून त्याला मागं खेचलं. एक ठोसा हेल्मेटवर बसला.

"सर, मी हाय, संघपाल," तो म्हणाला. "गाडीला आग लागून राह्यलीय. पोरीला काढा आधी."

सरांनी गाडीकडं बघितलं. आता धूर दारातून बाहेर येत होता. आकांक्षा त्यांच्या आधीच मागच्या दाराशी पोचली होती. तिनं अक्षताला झोपेतच उचललं आणि रस्त्यापलीकडं पळाली.

"चावी बंद करा. बोनेट उघडा."

सरांनी वाकून दोन्ही केलं. बोनेट वर झालं तसा धुराचा लोट संघपालच्या तोंडावर आला. लाल तारेवरचं प्लास्टिक फुगून बुडबुडे धरत होतं. ज्या भोकातून ती आत जात होती तिथं मधूनच निळी ठिणगी चमकत होती. फ्यूजच्या जागी त्यानं अडकवलेला तांब्याचा पीळ मात्र जागच्या जागी होता, लालभडक.

त्यानं पाना काढला. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलचा नट. दोन आटे, फक्त दोन. पण धुरात पाना नटावर बसेना. एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला. त्यानं डावा हात टेकवला आणि पाना धरला. लाल तार त्याच्या मनगटाला चिकटली. दुखतंय हे कळायला जरा वेळ लागला. नट फिरला. त्यानं टर्मिनल उपसून काढलं.

ठिणगी थांबली. रसवंतीवाल्यानं बादलीभर वाळू आणून गालिच्यावर ओतली. कुणीतरी चरक बंद केला होता. ट्रक येत-जात होते, पण संघपालला वाटलं, चारी बाजूंनी एकदम सामसूम झालीय.

गालिचा वर करून बघितला तर नंदाबाईंच्या पायाखाली, दोन वितीपर्यंत, तो काळा होऊन भुरभुर गळत होता. अजून पाच मिनिटं, फार तर दहा.

नंदाबाईंना रसवंतीतल्या खाटेवर बसवलं. आकांक्षा अक्षताला खांद्यावर घेऊन परत आली. सरांनी संघपालच्या मनगटावर पाणी ओतलं. ते ओतता ओतता म्हणाले, "तुमी देवासारखे आलात, भाऊ. तुमाला कळलं कसं?"

इथंही एक वाट होती. वायरिंग जुनं होतं, मला शंका आली, असं म्हणता आलं असतं. सरांना यातलं काही कळत नव्हतं. संघपालला ती वाट दिसली, आणि ती दिसल्याचीच त्याला भीती वाटली. धुरापेक्षा जास्त.

"माझी चूक हाय, सर," तो म्हणाला. त्यानं खिशातून फ्यूज काढला, मग रबराची कडी काढली आणि दोन्ही खाटेवर ठेवलं. "ह्या दोन वस्तू तुमच्या गाडीत पाह्यजे होत्या. मी लावल्या न्हाईत. विसरलो."

सरांचा हात थांबला. मग आकांक्षानं विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

"तुमच्या ध्यानात कधी आलं?"

"साडेचारला. फ्यूजचं."

"आन् तुमचा फोन आल्ता तेव्हा किती वाजले होते?"

"साडेचारच."

तिनं मान हलवली. संघपालला वाटलं होतं सर ओरडतील, मारतील. त्यासाठी तो तयार होता. पण ती मान हलली त्यासाठी तो तयार नव्हता. त्यानं खाली बघितलं. मनगटावरची कातडी वर येत होती.

"दाजींना गाडी पाठवायला सांगतो," सर शेवटी म्हणाले. "आई, उठता येतंय का?"

गेवराईहून सरांच्या मेहुण्यानं गाडी पाठवली. ती येईस्तोवर तासभर सगळे तिथंच होते, एकाच सावलीत. अक्षता जागी झाली आणि तिनं गाणं का बंद झालं म्हणून विचारलं. तिला रस दिला. निघताना नंदाबाई संघपालपाशी थांबल्या.

"दार उघडंना," त्या म्हणाल्या. "मी पोरीला हाका मारून राह्यले होते. पण मोठ्यानं मारल्या न्हाईत. तिची झोप मोडंल म्हणून." एवढं बोलून त्यांनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. "हाताला काही लावा," म्हणाल्या आणि लंगडत गेल्या.

जळकी गाडी संघपालनं एका टेम्पोला बांधून ओढत अंबडला आणली. घरी सत्यशीलानं मनगटाला मलम लावताना विचारलं, तेव्हा त्यानं बायकोला सगळं सांगितलं, फोनवर काय बोललो तेही. ती म्हणाली, "दुसऱ्याला सांगताना हे गाळू नका."

चौथ्या दिवशी सर आले. एकटेच. संघपालनं जळलेलं वायरिंग नवं टाकलं होतं, गालिचा बदलला होता, डाव्या दाराची आतली कडीही दुरुस्त केली होती. नवी लाल तार, फ्यूज, रबर, सगळं लावून तयार होतं. सरांनी बोनेट उघडायला लावलं आणि प्रत्येक जोड दाखवायला सांगितला. संघपालनं दाखवला. मग सर म्हणाले, "आता काढून टाका."

"काय?"

"ॲम्प, वुफर, स्पीकर. सगळं. ती लाल तारबी. आई बसत न्हाई म्हणती त्या गाडीत. आन् खरं सांगू, माझी पण हिंमत होईना."

काढायला तीन तास लागले. संघपालनं एकेक स्क्रू उघडला, पत्र्यातलं भोक झाळून बंद करवून घेतलं. सर पूर्ण वेळ खुर्ची टाकून बसले होते, त्याच्या हातांकडं बघत. जाताना त्यांनी हात मिळवला नाही, पण "येतो" म्हणाले.

गावात गोष्ट पसरली. काही गिऱ्हाइकं तुटली. काही नाही तुटली. संघपालनं दुकान बंद केलं नाही. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि हे चांगलं येत होतं. फक्त आता गाडी झाली की तो मालकाला बोनेटपाशी उभा करतो, फ्यूजला त्याचं बोट लावायला लावतो, भोकातल्या रबराला लावायला लावतो. घाई करणाऱ्याला तो म्हणतो, मंग उद्या या. लोक हसतात. शिवाजी टायरवाला त्याला भित्रा म्हणतो.

आणि गाडी गेल्यावर तो झाडू घेतो, तेव्हा दाराशी साचलेला कचरा आधी बोटांनी चाळून बघतो. काही सापडत नाही. तरी अर्ध्या तासानं तो फोन लावतोच. पलीकडं रिंग वाजत राहते, एक, दोन, तीन, आणि कुणी उचलेपर्यंत त्याला श्वास घेता येत नाही.